दोन सह्या

'सर, लेखन हा तुमचा छंद की व्यवसाय?' बँकेच्या कर्जविभागातील तरुण अधिकाऱ्याने हा प्रश्न अत्यंत नम्रपणे विचारला. अर्जात तसा रकाना होता, एवढेच. पण वाङ्मयाच्या वर्गात इतकी वर्षे 'साहित्याचे प्रयोजन' शिकवणाऱ्या माझ्याजवळ त्याचे एका शब्दातले उत्तर नव्हते. शेवटी त्यानेच 'व्यवसाय' या चौकोनात खूण केली.

ही 2019ची गोष्ट. मी तेव्हा 38 वर्षांचा होतो आणि भोरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई वेल्ह्याकडच्या गावी एकटी. (त्या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय 2024चा, आईच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पावसाळ्यात तिकडे वीज गेली की दोन-दोन दिवस फोन लागत नसे. तिचे गुडघे पार गेले होते. नसरापूरला महामार्गाच्या जवळ तळमजल्यावर एक सदनिका पाहिली. नोंदणीसह किंमत 32 लाख. शिल्लक 5 लाख. म्हणजे 27 लाखांचे कर्ज हवे होते.

माझे उत्पन्न दोन प्रकारचे. कनिष्ठ महाविद्यालयातील नोकरीचे हातात येणारे 38 हजार. आणि रात्री जागून केलेली भाषांतरे, मुद्रितशोधन, क्वचित संपादन यांचे वर्षाला सरासरी 1 लाख 92 हजार. पहिल्याचा पुरावा सोपा होता: पगारपत्रक आणि फॉर्म 16. दुसऱ्यासाठी दोन वर्षांची विवरणपत्रे, नफातोटा पत्रक आणि बँकेचे उतारे मागितले गेले. आईच्या भातखाचरांचा तर विचारच नव्हता. पुण्यातल्या ओळखीच्या घरांना आंबेमोहोराची पोती दिली, तर पावती कोण कुणाला देणार?

गोची दुसऱ्याच जागी होती. कर-सल्लागाराने सांगितल्याप्रमाणे मी लेखनाच्या उत्पन्नातून दरवर्षी 1 लाख 20 हजारांचा खर्च दाखवत आलो होतो. संगणक, दूरध्वनी, पुण्याच्या फेऱ्या आणि पुस्तके. त्यातले काहीच खोटे नव्हते. पण एखादी कादंबरी मी भाषांतरासाठी घेतली की केवळ मोह आवरला नाही म्हणून, हे मलाही सांगता आले नसते. निम्मा खर्च व्यवसायाचा होता, निम्मा माझा. या निम्म्याने वर्षाला काही हजारांचा कर वाचला, आणि त्या शहाणपणाचे मला थोडे कौतुकही होते.

बँक मात्र जमा पाहत नाही, नफा पाहते. माझा नफा उरला वर्षाला 72 हजार, महिना 6 हजार. पगारात मिळवून 44 हजार. त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसू शकेल, म्हणजे 22 हजार. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला दरमहा साधारण 900 रुपये पडतात. अधिकाऱ्याने गणकयंत्र माझ्याकडे वळवले: 24 लाख 40 हजार. तो 'निम्मा माझा' खर्च दाखवला नसता, तर आणखी पावणेतीन लाख मिळाले असते. कमी पडत होते 2 लाख 60 हजार! पुस्तके ठेवायला जागा हवी होती, आणि ती जागा पुस्तकांनीच खाल्ली होती.

घरी येऊन ती विवरणपत्रे पुन्हा वाचली. निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी आपण वर्गात बोलतो. इथे आयकर खात्याला मी सांगत होतो की लेखनात काही उरत नाही. बँकेला सांगत होतो की उरते, त्यावर वीस वर्षे विसंबा. दोन्हीखाली सही माझीच. एका स्नेह्याने जास्त मानधनाचे पत्र द्यायची तयारी दाखवली. ते मी घेतले नाही. पण ते नाकारताना मला फार उजळ माथ्याने बोलता आले, असे म्हणवत नाही.

गावच्या घरावर कर्ज काढावे, तर गावठाणातल्या त्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ सोडून कागद नव्हता. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'बरंच झालं की रे. घर तारण ठेवू नये.' 'तारण' हा शब्द मी तेव्हा प्रथमच नीट ऐकला. तारणारा तो तारण. पण तारले जाते ते देणाऱ्याचे पैसे. 'गहाण' अधिक प्रामाणिक. याच पुणे जिल्ह्यात सुप्याला 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि त्यातून 1879चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्या माणसांना कागदाची भीती होती. मला कागद अपुरा पडत होता, आणि माझा कागद मीच लिहिलेला होता.

एक वर्ष थांबायचे ठरवले: खर्च हात राखून दाखवायचा, कर भरायचा, नफा वाढवायचा. मार्च 2020मध्ये टाळेबंदी आली. छपाई थांबली, हातातली दोन भाषांतरे लांबली, आणि पुढच्या विवरणपत्रात नफा आधीपेक्षाही खाली गेला. पासाशिवाय जिल्ह्याबाहेर जाता येत नव्हते; आई जिल्ह्यातच, तरी पहिले काही आठवडे तिच्यापर्यंत पोचता आले नाही. शेजारची सून तिला भाकरी देत होती. हे फोनवर ऐकताना ते पावणेतीन लाख मला आकड्यासारखे वाटत नसत.

कर्ज मिळाले 2022मध्ये. तोवर पगार वाढला होता, आणि भावही. बँकेने या वेळी लेखनाचे उत्पन्न धरलेच नाही. रकाना रिकामा ठेवा म्हणाले, नोकरीवर भागते. घर एक खोली लहान घेतले. आई येऊन राहते, पण भातलावणीला गावी जाते. पुस्तके तिच्या खाटेखाली आहेत.

गेल्या महिन्यात पुण्यात एक जुना शब्दकोश घेतला. दुकानदाराने सवयीने विचारले, 'बिल कोणाच्या नावे करू?' म्हटले, बिल नको.