ओट्याचा दगड

“दगडाला काय होतें!” हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याची सत्यता तपासून पाहण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. ज्याच्या टिकाऊपणाविषयीं आपली खात्री असते, त्याची निगा राखण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. मग ती वस्तु असो कीं माणूस.

आम्हां कोल्हापूरकरांनीं तरी असें म्हणूं नये. अंबाबाईचें काळ्या दगडाचें देऊळ शेंकडों वर्षें उभें आहे. परंतु गाभाऱ्यांतील पाषाणमूर्तीची झीज हा करवीरांतील घराघरांतून काळजीचा विषय झाला होता. दूध, दहीं, मध यांचे अभिषेक भक्तीनेंच होत होते. तरी दगड झिजतो तो झिजतोच. पुढें नित्याचे अभिषेक उत्सवमूर्तीवर होऊं लागले आणि २०१५ सालीं पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनीं मूळ मूर्तीवर रासायनिक संवर्धनाचें काम केलें. एका दिवसानें दगडाचें कांहीं बिघडत नाहीं. रोजानें बिघडतें, एवढा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

आमच्या स्वयंपाकघरांत पूर्वीं कडाप्प्याचा ओटा होता. चार वर्षांपूर्वीं तेथें ग्रॅनाइट आला. हे दोन्ही दगड काळे दिसत असले तरी त्यांची जात निराळी आहे. कडाप्पा आणि शहाबादी हे चुनखडीच्या कुळांतले. लिंबू, चिंच, आमसूल यांतील आम्ल चुन्याला खातें. म्हणून कडाप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली कीं सकाळीं तेथें पांढुरका ठसा दिसतो. तो डाग नव्हे. तेवढा दगडच गेलेला असतो! संगमरवराचेंहि तसेंच. ग्रॅनाइट मात्र भूगर्भांत खोल, सावकाश थिजलेला, गारेचे कण असलेला दगड. लिंबाला तो दाद देत नाहीं. आपल्या सह्याद्रीचा दगड लाव्हारसाचा, म्हणून ग्रॅनाइट आपल्याकडे कर्नाटक, आंध्र, राजस्थान अशा प्रांतांतून येतो. विकत घेण्यापूर्वीं त्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून कांहीं वेळानें पाहावे. चकाकी गेली, तर दुकानदार त्यास कांहींहि म्हणो, तो ग्रॅनाइट नव्हे.

आतां काठिण्याविषयीं. मोस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची उतरंड लावली. तींत गार सातव्या पायरीवर, ग्रॅनाइटांतील दुसरें मुख्य खनिज फेल्डस्पार सहाव्या पायरीवर, आणि नेहमींच्या सुरीचें पोलाद साधारण साडेपांचावर येतें. म्हणजे ओट्यावर भाजी चिरल्यास ओट्याला ओरखडा पडत नाहीं. सुरीच बोथट होते. ओट्याची खरी वैरीण म्हणजे वाळू. तीहि गारेचीच. डब्याच्या बुडाशीं चिकटलेली कचकच डब्यासह सरकली कीं चकाकी उतरते. म्हणून डबा उचलून ठेवावा, ओढूं नये.

परंतु कठीण म्हणजे चिवट नव्हे. ग्रॅनाइटला घासणें सोसतें, घाव सोसत नाहीं, विशेषतः कडेला. शेगडीसाठीं किंवा मोरीसाठीं जेथें दगड कापलेला असतो, तेथील अरुंद पट्टी सर्वांत नाजूक. त्या पट्टीवर उभें राहून माळ्यावरचे डबे काढणें, कडेवर नारळ फोडणें हे प्रकार कटाक्षानें टाळावे. गरम कढईनें दगड वितळत नाहीं हें खरें. पण एक जागा तापली आणि शेजारची गार राहिली, तर आंतली एखादी बारीक चीर वाढते. आडणी किंवा लाकडी पाट खालीं ठेवण्यास कितीसा वेळ लागतो?

राहिले डाग. ग्रॅनाइटलाहि सूक्ष्म छिद्रें असतात. फिक्या रंगाच्या दगडांत तेल व हळद मुरलेली चटकन् दिसते. पाण्याचे थेंब पंधरा मिनिटें ठेवून पाहावे. खालचा दगड काळवंडला, तर सीलरचा हात देण्याची वेळ आली असें समजावें. तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा पाण्यांत दाट कालवून लावावा, झांकून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं पुसावा. एकदोनदां करावें लागतें. रोजच्या कामाला सौम्य साबणाचें पाणी व मऊ फडकें पुरे. गंज काढणारीं औषधें मात्र ओट्याजवळ आणूंच नयेत. त्यांतील कांहींमधलें आम्ल गारेलाहि खातें.

हें सारें माहीत असूनहि एक गोष्ट राहतेच. ओट्याच्या कडेची टवकी उडाली, तेव्हां आमच्या धाकट्या सूनबाईनें ओट्यावर वर्तमानपत्रें अंथरलीं आणि “येथें कांहीं कुटूं नये” असा नियम केला. सासूबाईंचें वय ब्याऐंशी. त्या एक शब्द न बोलतां आपला लोखंडी खलबत्ता उचलून मागल्या पडवींत जाऊन बसल्या. आठ दिवस घरांत दाण्याचें कूट मुकाट्यानें होत होतें, आणि सकाळचीं त्यांचीं गाणीं स्वयंपाकघरांत ऐकूं येईनाशीं झालीं. शेवटीं सूनबाईच पडवींत गेली. “आजी, घाव कडेला सोसत नाहीं एवढेंच माझें म्हणणें. तुम्ही आंत या, आपण जागा ठरवूं,” असें ती म्हणाली. आतां ओट्याजवळ जमिनीवर जाड गोणपाट व त्यावर पाट, अशी खलबत्त्याची जागा कायमची ठरली आहे. ओटा सुरक्षित आहे आणि गाणींहि पुन्हां ऐकूं येतात.

नियमाचें कारण सांगितलें म्हणजे तो घरांतील सर्वांचा होतो. नुसता हुकूम सोडला तर तो एकट्याचाच राहतो. टवकी उडालेली कड कारागीर राळ भरून सांधून देतो. एकत्र कुटुंबांत ओट्यापाशीं चार पिढ्यांचे हात लागतात. त्या हातांसाठीं ओटा आहे, ओट्यासाठीं ते हात नाहींत, एवढें ध्यानांत ठेवून दगडाची निगा राखावी.