एक फेरी हुतात्म्यांच्या वाटेवरची



आम्ही शेतकी खात्याची माणसे तुम्हाला नेहमी शिवारफेरीला बोलावतो. भाताच्या नव्या जातीची माहिती सभेत सांगितली तर तुम्ही नुसती मान हलवता. बांधावर उभे राहून लोंबी हातात घेतली की मगच ती तुम्हाला पटते. इतकी वर्षे हे काम करताना माझी खात्री झाली आहे की, जागेवर जाऊन पाहिलेले माणूस सहसा विसरत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका फेरीविषयी सांगणार आहे. मात्र ती शेतातली नाही.

आमचे एडवण हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. इथल्या मुलांना नंदुरबारचा शिरीषकुमार ठाऊक आहे. पण पालघरच्या पाच हुतात्म्यांची नावे विचारली, तर मुले एकमेकांकडे पाहू लागतात. आपल्याच तालुक्याची ही गोष्ट आपल्या घरातून नाहीशी व्हावी, हे मला बरे वाटेना. म्हणून मागच्या वर्षी आवणी आटोपल्यावर गावातली अकरा मुलेमुली घेऊन मी पालघरला गेलो.

स्टेशनवरून आम्ही चालत निघालो. वाटेत मी त्यांना १९४२ सालची परिस्थिती सांगितली. महायुद्ध चालू होते. मार्च महिन्यात जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. आमची आजी सांगायची की, त्या साली घरात भाताची पेज पातळ होत गेली. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली. पुढारी तुरुंगात, तरी खेडी गप्प बसली नाहीत. १४ ऑगस्टला आसपासच्या गावांतले लोक तिरंगा घेऊन पालघरच्या कचेरीवर चालून आले. नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या किनाऱ्यावरच होत्या. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाचजण पडले.

पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी आम्ही थांबलो. तिथे मी एकेका मुलाला एकेक नाव मोठ्याने घ्यायला सांगितले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरबे गावचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. गावांची नावे ऐकताच मुलांचे चेहरे बदलले. सातपाटीला कुणाची आत्या दिलेली, सालवडजवळच्या कारखान्यात कुणाचा भाऊ कामाला. हुतात्मे एकदम ओळखीच्या गावचे झाले.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “काका, त्या वर्षी त्यांच्या घरची कामं कुणी केली असतील?”

मी उत्तर दिले नाही. तिच्या वहीत तो प्रश्न लिहायला लावला आणि म्हटले, “बाय, हे त्या त्या गावच्या म्हाताऱ्यांना जाऊन विचार.” भाषणात असा प्रश्न कुणाला सुचत नाही. तो सुचायला शेतकऱ्याच्या घरची पोर लागते, आणि ती त्या जागेवर उभी असावी लागते.

अणू हा शब्द तारापूरच्या वीजकेंद्रामुळे आपल्या भागात १९६९ पासून ऐकू येतो. त्याच महायुद्धाच्या शेवटी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता, जपानमधल्या हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. इथल्या आणि तिथल्या दुःखाची तुलना मी करीत नाही; मला त्यांची सांगण्याची रीत घेण्यासारखी वाटते. तिथे माहीतगार माणसे पाहुण्यांना पायी फिरवतात. घुमटाची पडकी इमारत तशीच राखली आहे. बाँबमधून वाचून पुन्हा पालवलेल्या झाडांवर पाट्या लावल्या आहेत. आणि प्रत्यक्ष पाहिलेली माणसे म्हातारी होत चालली, तेव्हा त्यांची हकीकत शिकून पुढे सांगणारे लोक तयार करण्याचे काम त्या शहराने २०१२ पासून हाती घेतले.

आपल्याकडेही ते दिवस पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत. पण त्यांच्या तोंडून ऐकलेल्या लेकीसुना अजून आहेत. आपण बियाण्याची कणगी रिकामी होऊ देत नाही, मग ही आठवण तरी का संपू द्यावी?

यासाठी पैसा लागत नाही. दहाबारा मुले, एक वही आणि एक सकाळ पुरे. प्रत्येक थांब्यावर एकाच मुलाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. घरी आल्यावर आजीआजोबांना विचारून वहीची पाने भरावीत, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांनी धाकट्यांना फिरवावे.

१४ ऑगस्टला पालघरचे व्यापारी दुकाने बंद ठेवतात आणि स्तंभापाशी अभिवादन होते. त्या दिवशी, नाहीतर सवडीने दुसऱ्या कोणत्याही दिवशी, आपल्या मुलांना तिथे जरूर घेऊन जा. पाच नावे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. आणि त्यांनी काही विचारले, तर तो प्रश्न वहीत लिहायला विसरू नका.