एका 'ई'ची गोष्ट

परवा कड्याला घरी भाचीचा अकरावीचा अर्ज भरत बसलो होतो. सोबत जोडायच्या इंग्रजी विनंतीपत्रात तिने मोबाईलवर 'कास्ट सर्टिफिकेट' लिहिले. पण 'कास्ट'चे स्पेलिंग केले सी-ए-एस-टी. शेवटचा 'ई' गायब!

"बाळ, चुकलं," मी म्हणालो.

"मामा, चुकलं असतं तर मोबाईलनं खाली लाल रेघ मारली नसती का?"

मोबाईलचेही खरेच होते. दोन्ही शब्द बरोबर आहेत, उच्चारही एकच. अर्थ मात्र निराळे.

1991 साली मी हीच चूक केली होती. तेव्हा नुकताच दहावी पास झालो होतो. 1990च्या कायद्याने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या होत्या. म्हणून दाखल्यासाठी दादा मला एका कचेरीत घेऊन गेले. दादा ऊसतोडीला जाणारे. पावसाळ्यात गावात मिळेल ती मजुरी करायचे. खिडकीतल्या साहेबांनी माझ्या अर्जातल्या त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि कागद परत सरकवला. "स्पेलिंग येत नाही आणि निघाले कॉलेजला!" मागची रांग हसली. दादांना अक्षर कळत नव्हते. त्यांना एवढेच कळले की आजचा खाडा झाला आणि उद्याही होणार.

संध्याकाळी इंग्रजीच्या सरांकडे गेलो. सर रागावले नाहीत. म्हणाले, "ई असलेला शब्द म्हणजे जात. तो पोर्तुगीजांच्या 'कास्टा'वरून आला. त्याचा अर्थ वंश, कूळ. ई नसलेला शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ फेकणे, टाकणे. साच्यात लोखंड ओततात, त्यालाही तोच शब्द. आणि मत टाकण्यालाही तोच."

रात्री भाकरी खाताना मी हे सगळे दादांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे ई काढला की मत, आन् ई लावला की जात. पर लोकं मत टाकताना बी तो ई लावूनच टाकत्यात की रं!"

शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने हे म्हटले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. या वेळी मी तो 'ई' जरा मोठाच काढला होता.

पुढे कॉलेजात बाबासाहेब वाचायला मिळाले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. 1936 साली लाहोरचे भाषण संयोजकांनी रद्द केले, तेव्हा त्यांनी ते 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापले. या नावातही तो 'ई' आहे. ज्या गोष्टीचे निर्मूलन करायचे, तिचे नाव आधी नीट लिहिता आले पाहिजे, हे मला तेव्हा उमगले.

अशा जोड्या इंग्रजीत पुष्कळ आहेत. 'स्टेशनरी' घ्या. शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या-पेन. ए-आर-वाय असेल तर एका जागी थांबलेले. 'पेन'मध्ये ई आहे, हे लक्षात ठेवले की चुकत नाही. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी पी-ए-एल असेल तर कॉलेजचे प्राचार्य. पी-एल-ई असेल तर तत्त्व. प्राचार्यांना अर्ज करताना कितीतरी मुले तत्त्वालाच अर्ज करतात! 'लूज'मध्ये दोन ओ असतील तर सैल, एक असेल तर गमावणे.

आयाबापांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मुलांच्या अर्जापासून दूर राहू नका. शेजारी बसा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना विचारा. अर्थ सांगता सांगता चूक त्यांची त्यांनाच सापडते. मोबाईल ती दाखवीलच असे नाही.

भाचीने 'ई' घातला. मग मी तिला दादांचे ते बोलणे सांगितले. ती आधी हसली, मग म्हणाली, "मामा, मी अठरा वर्षांची झाले ना, की मत ई काढूनच टाकीन."

दादा आज असते, तर आणखी एक खाडा पडला तरी त्यांना चालला असता.