अ‍ॅपरंटली

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो त्या मराठीत. इंग्रजीशी गाठ पडते ती दाखल्यापुरती. एका विद्यार्थ्याला नोकरीसाठी शिफारसपत्र हवे होते. 'तो प्रामाणिक आहे' एवढेच लिहिणे मला कोरडे वाटले. कोशात 'अ‍ॅपरंट' म्हणजे उघड, स्पष्ट, असे सापडले. झाले! 'ही इज अ‍ॅपरंटली ऑनेस्ट' असे ठोकून दिले.

पोरगा पत्र घेऊन परत आला. साहेबांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. "गुरुजी, तुम्हांला माझी खात्री नाही का?"

इंग्रज त्या शब्दातून 'वरवर पाहता' एवढेच समजतो, हे मला तेव्हा कळले. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात सांगितले आहे, की वादात 'सर्टनली', 'अनडाउटेडली' हे शब्द त्याने वर्ज्य केले आणि 'सध्या तरी मला असे दिसते' म्हणू लागला. पण तो ते स्वतःच्या मतांविषयी म्हणत होता. मी तोच संशय दुसऱ्याच्या पोराला चिकटवला होता, तोही अलंकार समजून!

दुसरे पत्र लिहिले. 'ही इज ऑनेस्ट.' बस्स. जागा तोवर भरली होती. तरी त्याने ते पत्र नीट घडी घालून खिशात ठेवले.