वाटाड्याची मिळकत

विद्या विकूं नये, असा आपल्या घरांतून जुना संकेत आहे. म्हणून पुण्यास आलेल्या पाहुण्यांस आम्ही शनिवारवाडा व जुन्या पेठा हिंडवून दाखवितों आणि त्याचे पैसे घेतों, हें ऐकून आमच्या वृद्ध मावशींस नवल वाटलें. "अरे, गांव दाखवायचे कसले पैसे घेतोस?" असें त्या म्हणाल्या. या प्रश्नावर आमचा चरितार्थच अवलंबून असल्यामुळें त्याचा विचार करणें आम्हांस प्राप्त झालें.

नाशिकचे क्षेत्रोपाध्ये यजमानास रामकुंडावर नेतात, वहींतून त्याच्या पूर्वजांचीं नांवें काढून दाखवितात आणि दक्षिणा घेतात. त्यास कोणी विद्याविक्रय म्हणत नाहीं. आमचेंही तसेंच. दोन तासांचे आठशें रुपये, मंडळी दोन असोत वा सहा, आणि आंकडा निघण्यापूर्वींच सांगावयाचा, हा आमचा परिपाठ. फेरी संपल्यावर हात पसरून उभें राहण्यांत कमीपणा आहे. ठरलेला मोबदला घेण्यांत नाहीं.

मिळकत मात्र बेभरंवशाची. थंडीच्या दिवसांत दिवसाला दोन फेऱ्या होतात. पावसाळ्यांत आठवडाच्या आठवडा रिकामा जातो. मार्च २०२० मध्यें साथीमुळें स्मारकेंच बंद झालीं, तेव्हां आम्हीं शिकवण्या करून दिवस काढले. ओढगस्तींत मोहही समोर येतात. साड्यांचे एक दुकानदार गिऱ्हाईक आणल्यास शेंकडा दहा देऊं म्हणाले. एका प्रवासी कंपनीनें, रात्रीं वाड्याबाहेर भुतांची फेरी चालवा, दुप्पट देऊं, असा निरोप धाडला. त्याच महिन्यांत मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. तरी दोन्ही गोष्टी आम्हीं नाकारल्या. फी सौभाग्यवतींच्या भिशींतून भागली.

नाकारण्याचें कारण सरळ आहे. ज्यानें पाहुण्यास दुकानांत नेलें, त्याच्या वाड्याविषयींच्या शब्दावरही पाहुणा विश्वास ठेवीत नाहीं. भुतांचेंही तसेंच. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा या वाड्यांत खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनीं राघोबादादांस त्याबद्दल दोषी ठरविलें, हा इतिहास. 'ध'चा 'मा' झाला, ही आख्यायिका. पौर्णिमेस किंकाळी ऐकूं येते, ही निव्वळ करमणूक. या तिन्हींची सरमिसळ न करतां सांगणें, हेंच आम्हांस मिळणाऱ्या पैशांचें मोल होय. दिल्ली दरवाजावरील, हत्तीस थोपविणारे खिळे पाहून, आणि १७३० सालीं पाया घातलेल्या या वाड्याचे लांकडी मजले २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत भस्म झाले, दगडी तट व जोतीं तेवढीं उरलीं, हें ऐकून मंडळी आपोआप गप्प होतात. त्यांस किंकाळीची गरज पडत नाहीं.

आज आमच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे, आधीं येऊन गेलेल्या कोणाच्या तरी शिफारशीनें येतात. जाहिरातीस पैसा नसलेल्या माणसाचें भांडवल एवढेंच. ज्या तरुणांस हा उद्योग करावयाचा असेल, त्यांनीं आवश्यक तो परवाना काढावा, आपल्या गांवाचा इतिहास विश्वसनीय ग्रंथांतून वाचावा, आणि पहिल्या दिवसापासून आपला दर ठरवून टाकावा. गांव कोणा एकाच्या मालकीचें नाहीं. त्याविषयीं खरें तें सांगण्याचे श्रम मात्र आपले आहेत, आणि श्रमाचे पैसे घेण्यांत संकोच कसला?