खाजणातली लेखणी

आजोबांच्या फडताळात एक बोरू होता. तिरका छेद दिलेला, मधोमध चीर पाडलेला, शाईने काळवंडलेला. जगातली जुनी लेखणी म्हणजे बोरूच, अशी माझी भाबडी समजूत होती. परवा इजिप्तवरचे एक पुस्तक चाळताना ती मोडली.

नाईलकाठी पोकळ बोरू आला तो ग्रीकांच्या अमदानीत, म्हणजे फार उशिरा. त्याआधी हजारो वर्षे तिथले लेखनिक लिहीत ते लव्हाळ्यासारख्या एका काडीने. जंकस मॅरिटिमस हे तिचे शास्त्रीय नाव. समुद्रकाठच्या खारट दलदलीत ती झुबक्याझुबक्यांनी उगवते. कमरेएवढी, ताठ, गुळगुळीत, टोकाशी टोचणारी. आत पोकळी नाही. भेंडासारखा पांढरा गर. लेखनिक तिचे टोक तिरके कापी आणि दातांनी चावून त्याचा कुंचला करी. जवळ अरुंद लाकडी फळी असे. तीत काड्या ठेवायला खाच आणि शाईचे दोन खळगे: एकात काजळीची काळी, दुसऱ्यात गेरूची तांबडी.

‘तांबडी’ हा शब्द वाचला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे ४००० वर्षांपूर्वीची एका विद्यार्थ्याची लाकडी पाटी आहे. त्याने तीवर पत्र गिरवले आहे आणि गुरुजींनी त्याच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आहेत. गुरुजी गेले, शिष्य गेला. चुका मात्र अजून शिल्लक आहेत.

आधी हसू आले. मग एक वही आठवली.

खाडीकाठच्या एका मुलाने ‘आमचे खाजण’ असा निबंध लिहिला होता. तिथल्या गवतांची, चिखलाची, भरतीओहोटीची घरातली नावे त्याने जशीच्या तशी लिहिली होती. मी एकेका नावाखाली तांबडी रेघ ओढली आणि वर कोशातले शब्द लिहिले. पुढे त्याचे निबंध अगदी निर्दोष येऊ लागले. पण त्यांत खाजण पुन्हा कधी आले नाही. आज कादंबरी लिहायला बसलो की मला नेमके तेच शब्द हवे असतात, आणि एकही आठवत नाही.

तो हल्ली कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर विचारीन, “बाळ, त्या ताठ काडीच्या गवताला तुम्ही काय म्हणता रे?” आणि तो सांगेल ते काळ्या शाईने लिहून घेईन.