गाडीचे दात

लग्नसराईत मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघायची मला जुनी सवय. आत मंगलाष्टकं होईपर्यंत आम्ही म्हातारी माणसं लिंबाखाली बसतो आणि कोण कशात बसून आलं ते बघतो. लहानपणी दमण्या आणि बैलजोड्या बघायचो. मग जीपा आल्या, अँबेसिडर आल्या. आता पांढऱ्या फॉर्च्युनर बघतो. चार-पाच वर्षांपासून मात्र माझा अंदाज चुकायला लागला आहे. गाडी समोरून बघावी तर कोरी करकरीत, दिवे डोळे वटारलेले, जाळी काळी चमकणारी. नंबर वाचावा तर सिरीज जुनी. एमएच १९ च्या पुढची दोन अक्षरं बघून गाडी कधी पासिंग झाली ते आमच्या गावची शाळकरी पोरंही सांगतात. म्हणजे अंग जुनं आणि तोंड नवं.

ही गाडी आपल्या देशात २००९ च्या ऑगस्टमध्ये आली. तीन लिटरचं डिझेल इंजिन आणि चारही चाकांना जोर. आमच्या तालुक्यात ती आधी पुढाऱ्यांकडे दिसली, मग ठेकेदारांकडे. केळीला चांगला भाव सापडला तशी बागायतदारांच्या दारातही उभी राहिली. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीनं तिचं तोंड बदललं. २०१६ च्या नोव्हेंबरात अख्खी गाडीच नवी आणली. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा तोंड बदललं आणि तिच्या जोडीला ‘लेजेंडर’ नावाची जरा जास्त नखऱ्याची बहीण आणली. यातली मेख अशी, की २०१६ ची गाडी आणि २०२१ ची गाडी हाडापेरानं एकच. फरक मुख्यतः बंपर, जाळी आणि दिव्यांचा. म्हणून जुनीला नवीचं तोंड बसतं. इंजिनाचं तसं नाही. २०२१ ला कंपनीनं १७७ ची ताकद २०४ वर नेली. ती ताकद बंपर बदलून मिळत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाकडे २०१७ ची गाडी आहे. भाऊ गेला तेव्हा हा बारावीला होता. सात एकर, त्यात चार एकर केळी, बाकी कापूस. पोरगा कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही. पण वय एकतिसाच्या पुढं गेलं आणि लग्न काही जमेना. आमच्याकडे आता घरोघर हीच गत आहे. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, नोकरी कुठं? शेती म्हटली की फोन ठेवतात. एका वर्षी कांदेबागेला भाव लागला, तेव्हा त्यानं ही गाडी सेकंडहँड घेतली. घेतली ती हौसेनं, पण मनात स्थळांचा विचार होताच.

मग एक मध्यस्थ घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, “गाडी जुनी दिसते हो. लेजेंडर करून टाका. दोन दिवसांचं काम. सन कोण विचारतं?”

माझी भावजय एरवी माझ्यासमोर फारसं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “नाना, ड्रिपच्या नळ्या बदलायच्या राहिल्या आणि गाडीला नवं तोंड?”

पुतण्या म्हणाला, “माय, नळ्या बघायला कोणी पाहुणा वावरात जात नाही. गाडी दारात दिसते.”

दोघांचंही खरं होतं. मी एवढंच म्हटलं की गॅरेजला मी सोबत येतो.

गॅरेज धुळ्याला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाडीला जोडणारे-तोडणारे हात तिथं पुष्कळ. आमचा मिस्तरी माझ्याच वयाचा. उभी हयात ट्रकच्या पत्र्यावर गेली, आता मुलासोबत हे काम करतो. सगळे त्याला चाचा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो.

दोन दिवस मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काम बघितलं. खोक्यातून माल निघाला तो बिनरंगाचा. पुढचं बंपर, जाळी, दोन दिवे, मागचं बंपर, मागचे दिवे. चाचानं प्रत्येक नग गाडीला आधी कोराच लावून बघितला. फट कुठं जास्त, कुठं कमी, ते बोटानं चाचपलं. म्हणाला, रंग दिल्यावर फट दिसली तर रडायची वेळ येते. फायबरचा माल स्वस्त पडतो, पण त्याच्या कडा नीट नसतात आणि ठोकर बसली की तो तडकतो. प्लॅस्टिकचा जरा लवतो, परत जागेवर येतो. आमच्या गावात एकानं स्वस्तातला फायबर बसवला होता. मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा त्याचं बंपर फेंडरपासून सुटून ओठ लोंबावा तसं लोंबलं.

रंगाचं काम त्याहून नाजूक. नवा पांढरा आणि सात-आठ वर्षं ऊन खाल्लेला पांढरा, दोन्ही पांढरेच, पण शेजारी ठेवले की एक दूध आणि एक ताक. मोतिया पांढरा असेल तर आधी पांढऱ्याचा हात, त्यावर मोत्याचा हात, मग चकाकीचा. प्लॅस्टिकवर त्याचा वेगळा प्रायमर आधी मारावा लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. दिव्यांच्या तारा चाचाच्या मुलानं कापल्या नाहीत, मधे जोड-पिना घातल्या. कापलेली तार म्हणजे पावसाळ्यातलं दुखणं, असं तो म्हणाला. दिव्याची काच नीट सीलबंद नसेल तर आत वाफ धरते, आणि हलकी काच दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते.

पुढचं बंपर काढलेलं होतं तेव्हा चाचानं पुतण्याला खाली वाकायला लावलं. ब्रेकपॅड झिजून पत्र्याला आले होते. पुढच्या आर्मचे बुश फाटलेले. टायरही अर्धे संपलेले. चाचा म्हणाला, “बेटा, तोंड मी करून देतो, पैसे मला त्याचेच जास्त मिळतात. पण तू यात आईला बसवणार आहेस ना?”

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं हिशेब मांडला. मागचं बंपर आणि मागचे दिवे परत खोक्यात घातले आणि ते माल देणाऱ्याला परत केले. त्या पैशात ब्रेकपॅड, बुश आणि चार टायर झाले. म्हणून त्याची गाडी पुढून २०२१ ची आणि मागून २०१७ ची दिसते. गावातली पोरं हसतात. तोही हसतो.

गॅरेजमध्ये एक तरुण मुलगा गाडीला लोखंडी गार्ड लावून मागत होता. चाचानं नाही म्हटलं. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारनं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. समोरचा पायी माणूस त्यानं जास्त मरतो, आणि धडकेचा हिशेब बिघडून आतल्या एअरबॅगचाही भरवसा राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही या कामाच्या लोकांना पाठ असतं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्यावर सांगितलं, की कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ मापाला आणि रचनेला सोडून गाडी बदलता येणार नाही. त्यामुळे काय बदलतोय ते आरटीओत विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न कळवलेल्या मालाची भरपाई मागताना तोंड उघडायला जागा राहत नाही.

तिथं बसल्या बसल्या मला बैलबाजार आठवत होता. आम्ही पोळ्याला शिंगं साळतो, रंगवतो, बेगड लावतो, झूल घालतो. ती सजावट. बैलाचं वय त्यात कोणी लपवत नाही, सगळ्या गावाला ते ठाऊक असतं. बाजारातला दलाल शिंगं साळतो ती वेगळ्या कारणासाठी. शिंगावरच्या वयाच्या वळ्या जाव्यात म्हणून. हत्यार तेच. जाणता शेतकरी म्हणून शिंगाकडे बघतच नाही, सरळ जबडा उघडतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, ते दात सांगतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारेही तसेच. आधी दात, मग चाल, मग रंग.

गाडीलाही दात असतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सीटबेल्ट पूर्ण ओढला की बुडाशी बहुतेक वेळा तारखेची चिठ्ठी सापडते. काचांच्या कोपऱ्यात कारखान्याच्या बारीक खुणा असतात, आणि एकच काच वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचारावं. शेवटी चेसिसचा नंबर आणि आरसी बुक. ह्या गोष्टी कोणतंही नवं बंपर झाकत नाही.

पुढच्या महिन्यात शिंदखेडा तालुक्यात मुलगी बघायला गेलो. मध्यस्थानं वाटेत दोनदा बजावलं, गाडीचा विषय निघाला तर नवीच म्हणा. अंगणात उतरलो तर मुलीचे आजोबा खाटेवर बसलेले. काठी टेकत उठले, गाडीला पुढून मागे एक फेरी मारली, मागच्या दिव्यांपाशी थांबले.

“भाऊ, गाडी कोनता सालनी शे?”

मध्यस्थानं तोंड उघडलं होतं, पण पुतण्या आधी बोलला. “सतरानी शे, बाबा. तोंड तेवढं नवं बसाडेल शे.”

म्हातारा हसला. “मंग बरं. दात जुनाच शेतस.”

गाडीवर त्यापुढं कोणी बोललं नाही. विहिरीला पाणी किती, उन्हाळ्यात किती तास मोटार चालते, सातबाऱ्यावर नावं कोणाकोणाची, हेच विचारलं. मुलगी बीएस्सी झालेली. दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं तेव्हा तिनं एकच विचारलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. “गाडीवर हप्ता आहे का?” तो म्हणाला, गाडीवर नाही, सोसायटीचं पीककर्ज आहे, सव्वादोन लाख. ती म्हणाली, बाकी जुळलं तर तेवढं फिटेल.

दिवाळीनंतर लग्न झालं. गाडीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण सन चोरून सांगितलं असतं तर ते म्हातारबाबा आम्हाला चहा पाजून परत पाठवते, याबद्दल मला शंका नाही.

आता तरुण पोरं माझ्याकडे हा विषय काढतात. मी त्यांना नको म्हणत नाही. हौस माणसाला असतेच, आणि नवी गाडी सगळ्यांच्या ऐपतीत बसत नाही. एवढंच सांगतो की आधी ब्रेक, मग टायर, मग बुश, आणि पैसे उरले तर तोंड. उतरवलेला माल भंगारात घालू नका आणि पावत्या जपून ठेवा. पुतण्यानं जुनं बंपर आणि दिवे केळीच्या घडाच्या पिशव्यांत गुंडाळून धाब्यावर ठेवले आहेत. गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला दोन्ही दाखवायचे, असं त्याचं आणि सुनेचं ठरलं आहे. ड्रिपच्या नळ्या यंदा मृगबागेच्या आधी बदलून झाल्या. त्या सूनबाईनं सांगून आणवल्या.